तीन वेळा बदललेलं पाणी

मी आयुष्यभर लॅबमध्ये काम केलं असं सांगितलं, की समोरचा माणूस आपोआप बाही खाली ओढतो. त्याला वाटतं, ही बाई आता रक्त काढणार. अहो, मी एकतीस वर्षांत कुणाचं थेंबभर रक्त काढलेलं नाही. सुई टोचायची मला भीतीच वाटते. नातीला लस द्यायला नेलं तेव्हा तिची आई आत गेली आणि मी बाहेर बाकावर डोळे मिटून बसले होते.

माझं काम मांसाच्या तुकड्यांचं. ऑपरेशन करून काढलेली गाठ बेळगावात आमच्या लॅबमध्ये यायची. ती कसली आहे, तिच्यावर कुठलं औषध लागू पडेल, हे तिचं तिलाच विचारायची व्यवस्था मी करायची. उत्तर वाचणारे डॉक्टर वेगळे. रिपोर्टवर सही त्यांची, स्लाइड माझी. गेल्या वर्षी मी निवृत्त झाले आणि आता लोक मला विचारतात की करमतं का. करमतं. फक्त चहा ओतताना त्याचा रंग जरा जास्त वेळ बघत बसते, ते का, ते पुढं कळेल.

मी मूळची निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. संध्याकाळी ती घरी आली की आम्ही भावंडं शिंकत शिंकतच तिच्या पदराला बिलगायचो. त्यामुळं बी.एस्सी. आणि लॅबचा कोर्स करून इथं लागले, तेव्हा फॉर्मॅलिनचा वास मला कधी बाधला नाही. फॉर्मॅलिन म्हणजे मांस सडू नये, आहे तसं राहावं म्हणून वापरायचं औषधी पाणी. दिसायला विहिरीच्या पाण्यासारखं स्वच्छ, पण झाकण उघडलं की नाकाडोळ्यांतून धारा. माझ्याबरोबर लागलेल्या दोघीजणी आठवड्यात नोकरी सोडून गेल्या. मी वखारवालीची लेक, टिकले.

आता कामाचं सांगते, कारण ते कळलं नाही तर पुढची गोष्ट कळायची नाही.

आपल्या शरीरातल्या पेशींना बाहेरून सतत निरोप येत असतात. वाढ, थांब, एकीच्या दोन हो. हे निरोप घ्यायला पेशीत खास प्रथिनं असतात. स्तनाच्या कॅन्सरच्या पुष्कळशा गाठी बाईच्या अंगातल्याच संप्रेरकाचा निरोप घेऊन वाढतात. निरोप घेणारं ते प्रथिन गाठीत असेल, तर एक साधी रोजची गोळी त्या निरोपाची वाट अडवते. गोळी काही वर्षं न चुकता घ्यायची. प्रथिन नसेल तर ती गोळी घेऊन काडीचा उपयोग नाही. म्हणून डॉक्टर आम्हाला विचारणार, आहे की नाही?

ते प्रथिन सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा नुसतं दिसत नाही. तिथं अँटिबॉडी लागते. कुठल्या तरी सशाच्या रक्तातून तयार केलेला हा पदार्थ हजारो प्रथिनांच्या गर्दीतून नेमक्या त्या एकालाच जाऊन चिकटतो, दुसऱ्याकडं ढुंकून बघत नाही. मग तो जिथं चिकटला तिथं रंग चढवायचा. प्रथिन असेल तिथं चॉकलेटी, बाकी सगळं निळं. चॉकलेटी म्हणजे दुधाच्या चहापासून ते कोऱ्या चहापर्यंत कुठलाही रंग. आमच्या लॅबमध्ये सकाळी पहिला प्रश्न असायचा, ‘चॉकलेटी आलं का?’ नव्या झाडूवालीला वाटायचं, आतमध्ये गोळ्याबिस्किटं करतात. त्यात आमच्याकडं प्रेशर कुकरही होता, अगदी घरातल्यासारखा, शिट्टीवाला. फॉर्मॅलिननं प्रथिनं इतकी घट्ट बांधलेली असतात की अँटिबॉडीला ती सापडत नाहीत. ती मोकळी करायला काचपट्ट्या उकळत्या पाण्यात, दाबाखाली ठेवाव्या लागतात. शिट्ट्या मोजायचं काम माझं. घरी गेल्यावर डाळीच्या शिट्ट्या मात्र मी हमखास चुकायची.

मेणात बसवलेल्या तुकड्याची केसाहून पातळ चकती कापायची, कोमट पाण्यावर तरंगवायची आणि काचेवर अलगद उचलायची. काचेच्या टोकाला नंबर घालायचा तो पेन्सिलीनं, कारण पुढच्या धुण्यात शाई निघून जाते. आणि प्रत्येक काचेवर पेशंटच्या तुकड्याशेजारी, नंबराच्या बाजूला, आणखी एका बाईचा इवलासा तुकडा लावायचा. ज्या तुकड्यात प्रथिन आहे हे आम्हाला आधीपासून पक्कं ठाऊक आहे, असा. तो चॉकलेटी आला तर समजायचं, आपली अँटिबॉडी चांगली आहे, कुकर बरोबर लागला, हात चुकला नाही. याला आम्ही कंट्रोल म्हणायचो. आमच्या लॅबचा कंट्रोल वर्षानुवर्षं एकच होता. वडगावच्या एका विणकर बाईंच्या गाठीचा ठोकळा. रोज त्यातून थोडंथोडं कापायचं. आम्ही त्याला ‘वडगावच्या आक्का’ म्हणायचो. ‘आक्का आज फिक्या आल्यात’ म्हटलं की सगळा दिवस वाया, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

या आक्का एकदा जित्याजागत्या काउंटरवर आल्या. जुन्या रिपोर्टची नक्कल हवी होती. नंबर ऐकून मी आतून उठून बाहेर आले. उंच, सडपातळ बाई, बोटांच्या टोकांना रंग लागलेला. मी त्यांना आत नेऊन चहा दिला आणि सगळं सांगून टाकलं, की तुमचा तुकडा इथं रोज प्रत्येक बाईच्या शेजारी बसतो आणि तुम्ही चॉकलेटी आल्याशिवाय आम्ही कुणाचाच रिपोर्ट पुढं सोडत नाही. मला वाटलं, खूश होतील. त्यांनी कप बशीत ठेवला.

मग म्हणाल्या, “मागावर आमच्याबी नमुन्याचा तुकडा असतोय. त्याला लावून बघायचं, काठ जुळला का न्हाय. तसंच म्हना की.”

“तसंच, आक्का.”

“मग चांगलंच हाय. पर बाई, एवढी वर्सं वापरताय, मला एकदा इचारायचं तरी हुतं.”

मी मान खाली घातली. आता असं काही वापरायचं तर फॉर्म असतात, सह्या असतात. तेव्हा तुकडा आला की तो लॅबचा, असंच आम्ही धरून चालायचो. त्यांनी परवानगी दिली, हसून दिली, पण ते ‘एकदा इचारायचं तरी हुतं’ माझ्या डोक्यात राहिलं.

आता शालनची गोष्ट.

शालन निपाणीजवळच्या एका खेड्यातली, पंचेचाळिशीची, अंगणवाडीत मदतनीस. निपाणीतल्या एका लहानशा नर्सिंग होममध्ये तिच्या छातीच्या गाठीचं ऑपरेशन झालं. काढलेला भाग प्लास्टिकच्या बरणीत फॉर्मॅलिन घालून तिच्या भावाच्या हातात दिला आणि सांगितलं, बेळगावला नेऊन पोचवा. आमच्याकडं ही रीतच होती. पेशंटचा तुकडा पेशंटचा माणूस गाडीनं घेऊन येणार. भावाचं नाव मारुती. शेती करणारा, शांत गडी.

आमच्याकडं बरणी पोचली ती सोमवारी. काउंटरवरच्या माणसानं रोजच्या सवयीनं वरून फॉर्मॅलिन ओतलं, नंबर चिकटवला, आत पाठवली. मांस जरा मऊ वाटलं, पण लांबून आलेले मोठे भाग पुष्कळदा तसेच येतात. गाठ कॅन्सरची आहे हे ठरलं. मग प्रथिनाची तपासणी माझ्याकडं आली. मी स्लाइड केल्या. शालनची गाठ पूर्ण निळी, चॉकलेटीचा ठिपका नाही. शेजारी वडगावच्या आक्का झकास, कोऱ्या चहासारख्या.

म्हणजे अँटिबॉडी ठीक, माझा हात ठीक, प्रथिन नाही. रिपोर्ट निगेटिव्ह. गोळी नाही.

आमच्या डॉक्टर पाटणेकर मॅडमनी तसं टाइप करायला सांगितलंही. मी स्लाइड परत ट्रेमध्ये ठेवायला घेतली आणि जाता जाता एकदा कोपरा बघितला. गाठीच्या कडेला स्तनाच्या चांगल्या, निरोगी ग्रंथी थोड्या शिल्लक होत्या. निरोगी ग्रंथीतही हे प्रथिन असतंच. सगळ्या पेशींत नाही, पण इथं तिथं दाणे फेकल्यासारखे चॉकलेटी ठिपके दिसायलाच हवेत. शालनच्या चांगल्या ग्रंथीही कोऱ्या, नुसत्या निळ्या होत्या.

इथं मला थांबून एक कबूल केलं पाहिजे. असं मी त्याआधी एकदा पाहिलं होतं. शालनच्या पाच-सहा वर्षं आधी हुक्केरीकडची एक बाई होती. तिचीही गाठ कोरी, आक्का झकास, आणि तिच्या चांगल्या ग्रंथीही कोऱ्या. मॅडम रजेवर होत्या, बदली डॉक्टर आले होते, त्यांनी घाईत सही केली. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही, असं मी सांगू शकते आणि तुम्ही ते खरंही मानाल. पण अर्थ कळला होता. मी म्हटलं, आपण टेक्निशियन, डॉक्टरांना शिकवणारी मी कोण. रिपोर्ट गेला. त्या बाईचं नाव मी इथं लिहीत नाही, पण मला ते पाठ आहे.

मी शालनची स्लाइड घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

“मॅडम, कोपऱ्यातल्या नॉर्मल ग्रंथी बघितल्या का?”

“काय झालं त्यांना?”

“कोऱ्या आहेत.”

“गाठही कोरीच आहे. कंट्रोल बरोबर आलाय ना?”

“आक्का झकास आल्यात. म्हणून तर सांगते.”

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा काढला की बाई तापल्या, हे सगळ्या लॅबला माहीत. “कांबळेबाई, सर्जनचा सकाळपासून तिसरा फोन आलाय. त्यांना पुढचे उपचार ठरवायचेत. मी काय सांगू त्यांना?”

“सांगा, उत्तर आलेलं नाही.”

“उत्तर आलंय. निगेटिव्ह.”

“ते उत्तर नव्हे, मॅडम. तिच्या चांगल्या पेशी पण गप्प आहेत. मग वाईट पेशी गप्प राहिल्या, याचा अर्थ आपण कसा लावायचा?”

“रिपोर्टवर सही कुणाची असते?”

“तुमची. म्हणूनच तुमच्याकडं आले.”

माझा आवाज चढला होता हे मला बाहेरच्या टायपिस्टनं नंतर सांगितलं. मला तेव्हा कळलं नाही. मग मी त्यांना हुक्केरीच्या बाईचं सांगितलं, आणि ते सांगताना मला रडू आलं. मॅडमना मी रडेन असं वाटलं नसावं, मलाही वाटलं नव्हतं. त्यांनी चष्मा घातला, स्लाइड लावली आणि कोपरा बराच वेळ बघत राहिल्या. मग टायपिस्टला हाक मारून रिपोर्टमधली ओळ काढायला सांगितली. सर्जनला फोन त्यांनी स्वतः केला आणि त्यांची बोलणीही स्वतःच खाल्ली.

मारुतीला बोलावणं गेलं. दुसऱ्या दिवशी तो आला, धुतलेला पांढरा शर्ट घालून, दोन्ही हात पुढं बांधून उभा राहिला. मी म्हटलं, “अण्णा, ती बरणी निपाणीतून इथं कशी आली, मला सगळं सांगा. काही वगळू नका.”

त्यानं सांगितलं. शनिवारी दुपारी त्याला बरणी मिळाली. गाडीत बसला. झाकणातून वास येत होता. लोकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, एका म्हातारीला ठसका लागला. कंडक्टर ओरडला, “इळीरी, इळीरी,” खाली उतर म्हणून. मारुती संकेश्वरच्या स्टँडवर उतरला. तिथं नळावर त्यानं बरणीतलं ते झोंबणारं पाणी ओतून टाकलं, बरणी आणि आतलं मांस दोन्ही स्वच्छ धुतलं, चांगलं पिण्याचं पाणी भरलं आणि पुढच्या गाडीनं आला. बेळगावात पोचेपर्यंत आमचं काउंटर बंद. रविवारी सुट्टी. म्हणून जवळच काकतीला पाहुण्यांकडं मुक्काम केला.

“घरात नेलं न्हाय. मागं सावलीला ठेवलं. ऊन लई हुतं ना. रविवारी सकाळी पानी बदललं, आनि सोमवारी हितं यायच्या आदी परत बदललं.” आणि मग, माझ्या चेहऱ्याकडं बघत, जरा अभिमानानंच म्हणाला, “तीन येळा बदललं, बाई. लई जपून आणलं.”

भर उन्हाळ्यात, दोन दिवस, साध्या पाण्यात. फॉर्मॅलिनशिवाय प्रथिन टिकत नाही, विरघळून, सडून जातं. आमची अँटिबॉडी जे शोधत होती ते संकेश्वर आणि काकतीच्या पाण्याबरोबर केव्हाच वाहून गेलं होतं. नंतर वरून ओतलेल्या फॉर्मॅलिनचा काय उपयोग?

मी काय बोलले ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, “अहो, मटण होतं का ते, धुवायला?”

त्याचा चेहरा एकदम उतरला. हात सुटले. “माझ्या आक्काचं हुतं ते, बाई,” तो म्हणाला. “म्हनून तर धुतलं. तसल्या घान वासात कसं ठेवायचं तिचं?”

मॅडम दारात उभ्या होत्या. एकतीस वर्षांत मी पुष्कळ चुका केल्या, स्लाइड पुसल्या, नंबर उलटे घातले, ट्रे पाडले. मटणाच्या त्या वाक्याइतकी कुठलीच मला लागलेली नाही.

“माझ्यामुळं झालं का हे?” त्यानं विचारलं.

खोटं बोलायची तयारी होती माझी. पण मग तो दुसऱ्या कुणाची तरी बरणी अशीच धुऊन आणेल. “पाण्यामुळं झालं,” मी म्हटलं. “तुम्हाला कुणी सांगितलंच नाही, ती चूक आमची सगळ्यांची. आता मला सांगा, ऑपरेशनच्या आधी सुईनं तुकडा काढला होता का?”

“व्हय. महिन्याभरापूर्वी, दुसऱ्या दवाखान्यात.”

“त्याचा मेणाचा ठोकळा कुठंय? बोटभर, पांढरा.”

तो आठवायला लागला. “त्यो? त्यो आक्काकडं हाय. रिपोर्टासंगट दिलाता. जपून ठेवा म्हनले, म्हनून तिनं ठेवलाय कुठंतरी.”

मेणाचा ठोकळा, उन्हाळा आणि पत्र्याचं घर. वितळला असेल तर संपलं. शालनच्या गाठीचा तेवढाच एक तुकडा जगात शिल्लक होता, जो काढल्या काढल्या फॉर्मॅलिनमध्ये गेला होता आणि कुणी धुतला नव्हता.

दोन दिवसांनी शालन स्वतःच आली. नुकतेच टाके काढले होते, एक हात अंगाशी धरून चालत होती. मारुती मागं. तिनं पिशवीतून स्टीलचा छोटा डबा काढला. झाकण उघडलं तर आत पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला ठोकळा, कडा शाबूत, नंबर शाबूत.

“कुठं ठेवला होता?” मी विचारलं.

“माठाखाली, वाळूत. मेन हाय म्हनल्यावर वितळंल म्हनून. तिथं गार असतंय.” मग तिनं डब्यात वाकून बघितलं. “ह्यात माझं काय हाय म्हनायचं?”

“तुमच्या गाठीचाच तुकडा. सुईच्या जाडीचा.”

“एवढ्यानं कळंल?”

“कळेल. माझा हात चुकला नाही तर.”

त्या ठोकळ्यात सुईनं काढलेले मांसाचे दोनच धागे होते आणि पहिल्या लॅबनं त्यातलंही बरंचसं वापरलेलं. दोन-तीन चकत्या निघाल्या असत्या, फार तर चार. वडगावच्या आक्काही तोवर संपत आल्या होत्या. त्यांच्या ठोकळ्यात मेणच जास्त उरलं होतं. मी ठोकळा बर्फावर ठेवला, नवं पातं लावलं आणि सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. पहिली चकती फाटली. दुसरी नीट उतरली. तिसरीही. ती पाण्यावर पसरली तेव्हा कुठं मी श्वास सोडला. काचेवर घेतली, शेजारी आक्कांना बसवलं, कुकर लावला. शिट्ट्या मोजल्या, यावेळी बोटांवर.

शालन आणि मारुती दिवसभर बाहेर बाकावर बसून होते. मी त्यांना सांगितलं होतं की आज उत्तर मिळणार नाही, उद्या या. ऐकलं नाही. मधे एकदा बाहेर गेले तर मारुती भिंतीकडं तोंड करून बसला होता आणि शालन त्याला म्हणत होती, “तू आनि नगं मनाला लावून घिऊ रं. मी माठाखाली ठेवलं, तू पान्यात ठेवलंस. आपल्याला गारवाच म्हाईत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी स्लाइड मी सूक्ष्मदर्शकाखाली लावली. आधी आक्का बघितल्या, सवयीनं. झकास. मग शालनच्या धाग्यावर सरकले. चॉकलेटी. दुधाच्या चहाचा फिका रंग नव्हे, गडद, पेशीमागून पेशी. धाग्याच्या टोकाला एक निरोगी ग्रंथी होती, तिच्यातही ठिपके होते. मी मॅडमना हाक मारली आणि खुर्चीवरून उठून त्यांना जागा दिली. त्यांनी बघितलं, मान हलवली आणि मला म्हणाल्या, “जा, तुम्हीच सांगा बाहेर.” रिपोर्टच्या आधी पेशंटला सांगायचं नसतं, हा त्यांचाच नियम होता.

शालनला गोळी सुरू झाली. बाकीचे उपचारही झाले. ती पूर्ण बरी झाली का, असं विचारू नका. आमच्या धंद्यात ‘पूर्ण’ म्हणायला पुष्कळ वर्षं जावी लागतात. पण ती अंगणवाडीत परत गेली, आणि तपासणीला बेळगावला आली की माझ्याकडं चक्कर टाकायची.

त्यानंतर आम्ही बरण्यांवर लावायला चिठ्ठ्या छापून घेतल्या, मराठीत आणि कन्नडमध्ये. मजकूर माझा. ‘याला वास येणारच. हे पाणी ओतू नका. दुसरं पाणी घालू नका.’ काउंटरवर बरणी घेताना प्रत्येकाला विचारायचं ठरलं, आतलं पाणी बदललं का? किती जण हो म्हणाले, ते ऐकून आम्हीच गार पडलो. कुणी वास सहन होईना म्हणून, कुणी बरणी गळत होती म्हणून. सगळ्यांनी जपूनच आणलेलं होतं.

मग एक दिवस मी स्टोअरमधून हुक्केरीच्या बाईचा ठोकळा काढला. मॅडमना विचारून काढला. पुन्हा कापला, पुन्हा सगळं केलं. गाठ कोरी, ग्रंथी कोऱ्या. दुसरा तुकडा कुठं नव्हता. जुन्या फॉर्मवर फोन नंबर होता, तो लावला. मुलानं उचलला. आई जाऊन चार वर्षं झाली, म्हणाला, तुम्ही कोण? मी म्हटलं, चुकून लागला, आणि ठेवून दिला. गोळी मिळाली असती तर ती वाचली असती, असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. ‘माहीत नाही’ हेच आम्ही तिच्या रिपोर्टवर लिहायला हवं होतं, आणि आम्ही ‘नाही’ लिहिलं. त्या मुलाला मी हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. हे माझं मी घेऊन बसले आहे.

वडगावच्या आक्कांचा ठोकळा त्याच वर्षी संपला. नवा कंट्रोल आला, रीतसर फॉर्मवर सही घेऊन. पण आणखी एक स्लाइड मी ट्रेमध्ये वेगळी ठेवली होती. शालनच्या बिघडलेल्या तुकड्याची. लॅबमध्ये नवीन कुणी कामाला लागलं की मी त्याला आधी ती स्लाइड दाखवायची. बघ, कंट्रोल झकास, गाठ कोरी, आता कोपरा बघ. कोपरा न बघता कुणाला ‘नाही’ म्हणायचं नाही.

शालन पुढच्या खेपेला आली तेव्हा मारुती बरोबर होता. वडगावच्या आक्का मला आठवल्या, आणि मी विचारलं.

“शालन, तुमची ती पाण्यातली स्लाइड मी नव्या लोकांना शिकवायला दाखवते. नाव सांगत नाही. पण आधी विचारायला हवं होतं. चालेल का?”

“दाखवा की,” शालन म्हणाली. “त्यात काय.”

मारुतीनं चहा संपवला, कप खाली ठेवला. उठता उठता म्हणाला, “दाखवा. पर एक सांगा त्यास्नी, बाई. टाकून दिल्यागत न्हवतं आणलं. संकेश्वरपासनं मांडीवर घिऊन आलतो.”

मी सांगायची. प्रत्येकाला, स्लाइड लावायच्या आधी. गेल्या वर्षी निघताना तो ट्रे माझ्या जागी आलेल्या मुलीच्या हातात दिला. त्या स्लाइडच्या टोकाला, नंबराच्या खाली थोडी जागा होती. तिथं मी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, ‘मांडीवरून आणलेली.’